आता डावीकडे वळा

१२ मार्च, हॉटेलची खोली, सकाळ

भोंग्या,

वर ‘चिरंजीव’ लिहिलं होतं. मग खोडलं. आशीर्वाद द्यायचा तर माणूस निदान कुठे आहे ते तरी ठाऊक हवं. हे पत्र मी म्युझियमच्या पत्त्यावर टाकतेय, पाकिटावर तुझं नाव आणि त्याखाली ‘कानातल्या यंत्रात बोलणारे’ असं लिहून. पोचलं तर पोचलं, नाही पोचलं तर माझ्या मनातलं तरी बाहेर पडेल.

काल आम्ही ते बघायला गेलो होतो. तुझे भाऊजी रिटायर झाले, त्यांच्या ऑफिसच्या मंडळींनी मिळून ही ट्रिप काढली. मी येणारच नव्हते, आईला टाकून कशी येऊ? पण मावशी हट्टाला पेटली. म्हणाली, मी येऊन राहते तिच्यापाशी, तू जा, नाहीतर एक दिवस पेशंटच्या जागी तूच त्या दाताच्या खुर्चीत आडवी होशील. हो, मी अजून त्याच दवाखान्यात आहे. दिवसभर लोकांना ‘मोठा आ करा’ सांगते आणि तोंडात नळी धरून उभी राहते. अख्ख्या गावाची तोंडं उघडली मी, तुझं तेवढं उघडवता आलं नाही.

तर काल. पुढे छत्री उंच धरून चालणारी गाइड मुलगी, मागे आम्ही सगळे पांढऱ्या केसांचे, आणि प्रत्येकाच्या गळ्यात ते यंत्र. चित्राच्या शेजारी नंबर असतो, तो दाबायचा आणि यंत्र कानाला लावायचं. काउंटरवरच्या बाईने भाषा विचारली. मी आपलं गमतीत म्हटलं, आमची आहे का? तर होती! मंडळी काय खूश झाली म्हणून सांगू. मी पहिला नंबर दाबला आणि कानात तू.

‘नमस्कार. घाई करू नका. आधी नुसतं बघा.’

घाई करू नका! कोण सांगतंय बघा! तुझा आवाज मला कळणार नाही? लहानपणी तू पडलास की तिसऱ्या गल्लीतून ओरडायचास आणि मी हातातलं टाकून पळत यायचे. मी काल सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाले, ‘अरे गाढवा!’ अख्खा हॉल वळून बघायला लागला. निळ्या कोटातला पहारेकरी तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे आला. बघ, बोलतोयस तू, आणि गप्प बसायचं मी.

त्यानंतर मी एकही चित्र धड पाहिलं नाही. नंबर दिसला की दाबायचा, एवढंच. तुझे भाऊजी म्हणत होते, अगं हे बघ, काय घोडा काढलाय, नाकपुडीतली शीर दिसते. मी म्हटलं, घोडा गेला खड्ड्यात. आणि वर काय म्हणतात, ‘हा माणूस मात्र छान बोलतो हां.’ आमच्या लग्नात पहाटेपर्यंत तुझ्याशी पत्ते कुटत बसले होते, त्यांनाही ओळखू आलं नाही. मीही सांगितलं नाही. काय सांगू? हा माझा भाऊ, हा सगळ्यांशी बोलतो, घर सोडून?

सतरा नंबरचं चित्र तेवढं पाहिलं. एक म्हातारी खिडकीशी बसलीय. मांडीवर भांडं, सोललेल्या शेंगा, हात भांड्याच्या काठावर. आणि तू कानात म्हणतोस, ‘तिच्या हातांकडे बघा. काम संपलंय, पण ती उठलेली नाही. कोणाची तरी वाट बघत असावी. कोणाची, ते चित्रकाराने सांगितलेलं नाही.’ किती हळुवार बोललास रे मेल्या! माझ्या शेजारची बाई पदर डोळ्यांना लावायला लागली. माझ्या डोळ्यांत एक थेंब आला नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे तुला कळतं. वाट बघणं म्हणजे काय, हात कसे दिसतात, सगळं कळतं, आणि ते तू तिकीट काढून आलेल्या लोकांना सांगतोस.

बाबा गेले तेव्हा तू तिसऱ्या दिवशी पोचलास. रेकॉर्डिंग चालू होतं, मध्येच सोडता येत नव्हतं, मान्य. आई दारात उभी होती, घरात वीस माणसं. ती म्हणाली, ‘आता कशाला आलास?’ चूक केली तिने. मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. पण तीन रात्री न झोपलेल्या बाईच्या तोंडून निघालेलं एक वाक्य! त्यावर तू बॅग पुन्हा खांद्याला लावलीस, पाण्याला हात लावला नाहीस, आणि गेलास तो गेलासच. नंबर बदललास. नऊ वर्षं. माणसांची घरं बांधून होतात एवढा काळ तू त्या एका वाक्यावर अडून बसलास.

तिचे डोळे गेले, भोंग्या. दोन वर्षं झाली. आता डोकंही मध्येच कुठेतरी फिरून येतं. बऱ्याचदा तिला वाटतं तू बाहेर ओसरीत उभा आहेस आणि रागाने आत येत नाहीस. मला ती कधी कधी ‘सिस्टर’ म्हणते. ‘सिस्टर, माझ्या मुलाला आत बोलवा.’ मी बोलावते. दारापर्यंत जाऊन परत येते आणि सांगते, येतोय.

फोन कर तिला. नंबर तोच आहे. आम्ही नाही बदलत नंबर.

ताई

१३ मार्च, बसमध्ये, दुपार

भोंग्या,

अक्षर हलतंय, बस हलतेय म्हणून. माझा हात ठाम आहे.

आज सगळे बोटीतून फिरायला गेले. मी डोकं दुखतं सांगितलं आणि परत म्युझियमला गेले. काउंटरच्या बाईला म्हटलं, हा यंत्रात बोलणारा माझा सख्खा भाऊ आहे, त्याला बोलवा. ती घाबरलीच. तिला वाटलं, तू यंत्राच्या आत अडकलायस अशी माझी समजूत आहे. मग पाणी दिलं, खुर्ची दिली. म्हणाली, ते इथे नसतात हो, रेकॉर्डिंग गावाच्या दुसऱ्या टोकाला एका स्टुडिओत होतं. पत्ता दिलान् बिचारीने. आणि मी म्हातारीच्या चित्राचं विचारलं तर म्हणाली, ‘ते मजकूर लिहीत नाहीत. लिहितं दुसरं कोणी, ते फक्त वाचतात.’

ऐकून माझा उरलासुरला धीर सुटला. म्हणजे तेही तुझं नव्हतंच! काल रात्रभर मी समजत होते की निदान त्या चित्रापुढे तरी तुला आई आठवली. तू समोर ठेवलेला कागद वाचलास. इतकं चांगलं वाचलंस की मी फसले. तुझ्या कानाखाली एक वाजवायची आहे, ती उधार राहिली असं समज.

पण मी रिकाम्या हाताने परत आले नाही. यंत्र घेतलं आणि बायकांच्या बाथरूममध्ये शेवटच्या दारामागे जाऊन बसले. तिथेच शांत होतं. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात रेकॉर्डिंगला लावलेला माझा फोन, दोन्ही एकमेकांना चिकटवून धरलेले. एक नंबरपासून सुरुवात केली. समुद्रातलं वादळ, कुत्रा घेतलेला सरदार, कापलेलं कलिंगड, सगळं. लोक हजार मैलांवरून येऊन चित्रं बघतात, आणि तुझी बहीण कमोडचं झाकण लावून त्यावर बसलीय आणि समोरच्या पांढऱ्या दाराकडे बघत ऐकतेय, ‘आकाशाचा निळा रंग बघा.’ मध्येच पहारेकरीण दार ठोकायला लागली. बरं नाही का, डॉक्टर बोलवू का? मी आतून ओरडले, ‘पोट बिघडलंय!’ खोटंही नाही. तुझ्यामुळे काय काय बिघडलंय ते मोजायला बसले तर संपायचं नाही.

आम्ही उद्या निघतो. हे पत्र स्टुडिओवर टाकते. माझा फोन नंबर मागे लिहिलाय, ठळक.

ताई

२१ मार्च, घर

भोंग्या,

फोन नाही. मला वाटलंच होतं. पण आता तुझी गंमत ऐक. गंमत तुझी, जळफळाट माझा.

घरी आले त्या संध्याकाळी आईला उशीला टेकवून बसवलं. मावशी पायाशी. फोनच्या वायरचं एक बोंडूक तिच्या कानात घातलं, दुसरं माझ्या, आणि फोन चालू केला. ‘नमस्कार. घाई करू नका.’ आईचं तोंड उघडंच राहिलं. मग ती इतकी हसली, इतकी हसली की मावशी रडायला लागली. ‘आला का रे! कधी आलास?’ मी म्हटलं, आई, तो आला नाही, हे रेकॉर्डिंग आहे. तर माझ्यावर हात उगारला. ‘गप्प बस, तो बोलतोय.’

तेव्हापासून हेच. सकाळी उठली की तू. चहाबरोबर तू. मी नऊ वर्षं तिची वेणी घालते, तिला न्हाऊ घालते, तिच्या गोळ्या, तिची नखं, तिचे हट्ट. मला ती सिस्टर म्हणते. आणि तू कुठल्या तरी खोलीत बसून कुठला तरी कागद वाचलास, तर तू घरी आलास! न येता आलास! लोक येऊन जे मिळवत नाहीत ते तू न येता मिळवलंस. तुझी बॅग कोपऱ्यात ठेवलीय का म्हणून ती मला विचारते. तुझं अंथरूण घातलं का म्हणून ओरडते. मी घातलं. रिकामं अंथरूण घातलं आणि सकाळी काढलं, कारण तिने हात लावून बघितलं असतं.

अजून ऐक. तिला पडून पडून पाठीला जखम झालीय. डॉक्टर म्हणाले, दर थोड्या वेळाने कूस बदला, डावीकडे जास्त ठेवा. पण डावी कूस म्हटलं की ती मावशीला चिमटे काढते, मला शिव्या देते. दोघींनी मिळून तिला वळवायचं म्हणजे कुस्ती असते. परवा तू कलिंगडाचं संपवलंस आणि म्हणालास, ‘आता डावीकडे वळा.’ आणि आई डावीकडे वळली! स्वतःहून! शहाण्या मुलीसारखी हात गालाखाली घेऊन. मावशी म्हणाली, पुन्हा लाव गं तेच. तेव्हापासून जखमेला मलम लावायची वेळ झाली की आम्ही कलिंगड लावतो. तू सांगतोस, ती वळते. जखम सुकायला लागलीय.

काल तू म्हणालास, ‘दोन पावलं मागे या आणि संपूर्ण चित्र बघा.’ तर ती भिंतीकडे सरकायला लागली, डोकं आपटणार होतं. धावले. तुझ्या वतीने मीच धावायचं.

आणि ती तुला विचारते, ते सांगायला हे पत्र. आमचे दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडात आरसा घालतात आणि विचारतात, मग सुट्टीत कुठे गेला होतात? तो बिचारा आँ आँ करतो. आईचं उलटं झालंय. ती विचारते, ‘राग गेला का रे?’ आणि तू सांगतोस, सरदाराच्या कुत्र्याच्या गळ्यात सोन्याचा पट्टा आहे. ती थांबते. पुन्हा विचारते. तू म्हणतोस, पुढच्या दालनाकडे चला. मग तिचा चेहरा जो पडतो ना, तो मला बघवत नाही. फोन बंद केल्यावर मला म्हणाली, ‘बोलतो सगळं, पण त्याचं उत्तर देत नाही. अजून मनात आहे त्याच्या.’

एवढंच हवंय तिला. बाकी सगळं मिळालं, तुझं अंथरूणसुद्धा. एक उत्तर.

ताई

३ एप्रिल

भोंग्या,

आता पाल्हाळ नाही.

ती खात नाही. चार घास म्हणजे डोक्यावरून पाणी. डॉक्टर आले, बघून गेले, बाहेर येऊन तुझ्या भाऊजींशी हळू बोलले. हळू बोलले म्हणजे काय ते तुला कळायला यंत्र नको.

आज दिवसभर तिने कानातलं घालू दिलं नाही. ‘त्याला बोलायचं नाही माझ्याशी. इकडचं तिकडचं सांगून टाळतो.’ मलम लावताना वळलीही नाही. मी स्वतः तुझ्यासारखा आवाज काढून सांगायला गेले, ‘आई, राग नाही हां.’ तिने एवढी तुच्छतेची नजर टाकली, आंधळी असून! म्हणाली, ‘सिस्टर, थट्टा करू नका.’

तू परक्यांसाठी समुद्रावर बोललास, फळांवर बोललास, मेलेल्या सरदारावर बोललास. तिच्यासाठी एक वाक्य बोल. ‘आई, राग नाही.’ एवढंच. फोन करायला लाज वाटत असेल तर रेकॉर्ड कर आणि पाठव, तेच तुला जमतं. तिने दारात म्हटलं ते तिच्याही घशात नऊ वर्षं अडकलंय. तुझ्या एकट्याच्या नाही.

आणि आधीची पत्रं पोचली आहेत. स्टुडिओत मी फोन केला होता. तिथल्या माणसाने सांगितलं, तिन्ही पत्रं, म्युझियमने तिकडे पाठवलेलं पहिलंसुद्धा, तू स्वतः घेतलीस, जिन्यात उभा राहून वाचलीस. आता बहाणा उरला नाही तुझ्याकडे.

तुझे पाय धरू का? नाही धरणार. मी तुझी मोठी बहीण आहे. पण आईसाठी तेही करेन, इतकं लक्षात ठेव.

ताई

११ एप्रिल

भोंग्या,

काल तुझं रेकॉर्डिंग आलं. एक वाक्य मागितलं होतं, तू अर्धा तास पाठवलास. तुझं नेहमीचंच, द्यायचं तर नाही, दिलं तर भांडं वाहून जाईपर्यंत.

आधी मी एकटीने ऐकलं, स्वयंपाकघरात, नळ चालू ठेवून. तू काय म्हणालास ते इथे लिहीत नाही. आपल्या गल्लीच्या वळणापर्यंत येऊन परत गेलास, तेही दोनदा, हे मला पहिल्यांदा कळलं. दोनदा येऊन गेलास आणि दार वाजवलं नाहीस! मला भयंकर राग यायला हवा होता. तितका आला नाही, याचा मग वेगळा राग आला.

दुपारी आईला बसवलं. हातापाया पडून कानात घालायला लावलं. म्हटलं, आई, आता उत्तर आलंय, ऐक. ‘आई’ असं तू म्हणालास आणि पुढे तुला बोलताच येईना. नुसतं रडणं, नाक ओढणं, पुन्हा ‘आई’. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. कानातलं काढून माझ्या हातात दिलंन्.

‘हा कोण गं?’

‘आई, हाच आपला भोंग्या.’

‘छे! तो असा बोलतो का? तो कसा ठसठशीत बोलतो, एकेक शब्द वेगळा. हा दुसराच कोणी.’

मी तीन-चारदा सांगितलं. माझा आवाज चढला. तिला हलवलं मी खांद्याला धरून, मावशीने माझा हात सोडवला. कशाला खोटं बोलू, त्या क्षणी मी तिच्यावरही चिडले होते. नऊ वर्षं वाट बघितली, मी सगळं करून उत्तर आणलं, आणि ही म्हणते दुसराच कोणी! आणि तुझ्यावर तर किती चिडले! आधी रडला असतास तर तिला तुझं रडणं ओळखीचं असतं. तिच्यापुढे तू कधी रडलाच नाहीस. बाबा गेले तेव्हाही नाही.

थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, ‘लाव ते. ऐकू दे बिचाऱ्याचं.’ आणि शेवटपर्यंत ऐकलंन्. मान हलवत, मध्ये मध्ये ‘हं’ म्हणत. बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने आपलं दुःख सांगावं आणि आपण ऐकून घ्यावं, तसं. तू शेवटी म्हणालास ना, ‘राग नाही आई, कधीच नव्हता, लाज होती,’ तेव्हा तिने फोनवरून हात फिरवला. पाठीवरून फिरवतात तसा.

मग मला म्हणाली, ‘कोणाचा तरी मुलगा आहे गं. फार दिवस घर सोडून राहिलेला दिसतो. इथे माझ्यापाशी रडून काय होणार? त्याला म्हणावं, ऊठ, आपल्या आईकडे जा. ती काही बोलायची नाही तुला.’

त्यानंतर तिने दूध घेतलं, पूर्ण पेला, आणि झोपली. उठल्यावर पुन्हा विचारलं, तो मुलगा गेला का घरी? मी म्हटलं, विचारून सांगते.

तिचा निरोप जसाच्या तसा लिहिलाय, एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. माझा निरोप वेगळा आहे आणि तो ऐकण्यासारखा नाही. दारात उभा राहिलास की तोंडावर सांगेन. डॉक्टर म्हणतात, आठवडा, फार तर दोन.

ताई